बसलेल्यांचे तास

जुलैपासून पोरी पगारावर आल्या.
माझ्या मस्टरवर बारा नावं वाढली,
ग्रंथालय परिचर आणि रात्रपाळीचा चौकीदार यांच्या मधोमध:
क्रीडा कर्मचारी, खो-खो, महिला.
अंगठ्याचं मशीन जिमखान्याच्या दारात बसवलं.
मातीनं माखलेला अंगठा त्याला ओळखू येत नाही,
म्हणून मोनाली उईके सकाळी साडेपाचला
आधी हात धुते, अंगठा लावते,
आणि मग मातीत उतरते.

मला फक्त तास मोजायचे होते.
पण एक पळते, आठ बसतात,
एकीचं तोंड अजनीकडे, पुढचीचं मेडिकलकडे.
मी प्राचार्यांना लेखी विचारलं,
बसलेल्यांचे तास कामात धरायचे का?
फाईल तीन आठवडे फिरून आली.
शेरा होता: चर्चा करावी.

चर्चा कोणाशी करणार.
संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राहिलो.
अश्लेषा सहारे पाटीवर बसली होती,
बोटं जमिनीला, टाच उचललेली,
सगळं अंग कानात गोळा झालेलं.
तिला बसलेली म्हणणं म्हणजे
ताणलेल्या गलोलीतल्या दगडाला
ठेवलेला म्हणणं.
दुसऱ्या दिवशी, माझा अधिकार नसताना,
मी आठही जणींचे पूर्ण तास धरले.

पगार नऊ हजार.
कापून जाऊन हाती सात हजार आठशे बावन्न.
मोनालीनं माझ्याच टेबलापाशी उभं राहून
देवलापारला फोन लावला.
'बाबा, आता कोणी पुसलं ना
पोरगी काय करून राहिली,
तं सांगजा, नोकरी.'
पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.
मग, 'खेळाची?'
'हो. खेळाचीच.'
मी मान खाली घालून व्हाउचर लावत राहिलो.
मी विद्यापीठाकडून खेळलो तेव्हा
दोन उकडलेली अंडी मिळायची, एक केळं,
आणि घरी शिरताना,
'आला का उंडारून?'

नाझनीनचा गुडघा ऑगस्टात गेला.
ऑपरेशन विम्यातून झालं, घरचा एक पैसा लागला नाही.
रजा मात्र सातच दिवस होती.
आठव्या दिवसापासून तिच्या नावापुढे
मीच बिनपगारी लिहिलं,
माझ्याच अक्षरात.

दिवाळीनंतर संस्थेनं परिपत्रक काढलं.
टिपलेल्या प्रत्येक गड्यामागे शंभर रुपये.
त्या महिन्यात माझ्या कागदावर सगळे आकडे फुगले
आणि मैदानावर खो ऐकू येईनासा झाला.
जिच्याकडे पाठलाग, ती सोडेचना.
गडी पाटीपलीकडे निसटला तरी
समोरच्या पाठीवर थाप द्यायची सोडून
तशीच खुंटापर्यंत धावत जायची.
शंभर रुपये हातभर पुढे दिसायचे.
बसलेल्या बसून राहिल्या.
मानकापूरला दुसऱ्याच फेरीत हरलो.
भत्त्याचा हिशेब पैशापैशानं जुळला.

परतल्यावर अश्लेषा खिडकीशी आली.
'सर, खो देल्ला तं काई भेटते का?'
टोमणा होता की चौकशी, कळलं नाही.
म्हटलं, 'तशी तरतूद नाही.'
'मंग ठीक हाय,' म्हणाली,
आणि सही करून पैसे मोजून घेतले. दोनदा.

त्या रात्री मी तक्त्याच्या उजव्या कडेला
पट्टी धरून एक रकाना आखला.
वर बारीक लिहिलं, खो.
सरावाला जाऊन कडेला उभा राहतो,
आडव्या रेघा मारतो,
कोणी दिला, कितव्यांदा.
पोरी तिरप्या नजरेनं बघतात माझ्या पेन्सिलीकडे.
डिसेंबरात रेघा वाढल्या.
का वाढल्या, मी विचारलं नाही.
त्यांना वाटत असेल, कधीतरी याचेही पैसे होतील.
किंवा नसेल वाटत.

एप्रिलात लेखापरीक्षक आले.
कूलरसमोर बसून त्यांनी पान पान चाळलं,
आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं.
'हे काय? रक्कम कुठे आहे?'
म्हटलं, अजून ठरली नाही.
'मग खोडा.'
मी खोडरबर शोधत राहिलो,
खणात, खिशात, मस्टरखाली,
त्यांचा चहा येईपर्यंत.